आपल्या हाताने खुडलेली स्ट्रॉबेरी

एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीच्या एखाद्या उतारावरून चालताना करवंदाची जाळी दिसली की पाय आपोआप थांबतात. काटे चुकवीत, बोटांना चीक लावून घेत एकेक करवंद तोडायचे, अर्धे चावून ‘कोंबडा की कोंबडी’ ते पाहायचे आणि मग तोंडात टाकायचे. आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी! हा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. पानाच्या द्रोणात विकायला येणारी करवंदे याच जाळ्यांवरची असतात, पण ती एवढी गोड लागत नाहीत. हा केवळ मनाचा खेळ नव्हे. जाळीपाशी उभा असलेला माणूस पुरते पिकलेले फळ हेरून तोडतो. बाजारासाठी तोडणाऱ्याला मात्र, वाटेत फळ चेंगरू नये म्हणून, थोडी घाई करावी लागते.

करवंदाच्या जाळीला बहुधा मालक नसतो. पण समजा, एखाद्या शेतकऱ्याने आपल्या शेताचे फाटक उघडून म्हटले, ‘या, ही टोपली घ्या, हवी तेवढी फळे आपल्या हाताने तोडा आणि जाताना वजन करून पैसे द्या,’ तर? अशी शेते खरोखरच आहेत. इंग्लंड-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची चांगलीच चलती झाली. सुट्टीच्या दिवशी सारे कुटुंब मोटारीत बसून शेतावर जाते आणि स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लूबेरी अशी फळे टोपल्या भरभरून तोडून आणते. आपल्याकडे यासाठी फार लांब जायला नको. सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान स्ट्रॉबेरीचे मळे आहेत, आणि त्यांतले काही शेतकरी पाहुण्यांना वाफ्यात उतरून फळे खुडू देतात. याच पट्ट्यात भिलार हे गाव आहे. २०१७ सालापासून ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेव्हा सहल काढायचीच असेल तर एका दिवसात दोन मेजवान्या होतील!

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात तेथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला असलेल्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी पडतो. अशा धो धो पावसाच्या मुलखात स्ट्रॉबेरीसारखे नाजूक झुडूप टिकते कसे, असा प्रश्न तुम्हांला पडेल. उत्तर सोपे आहे: ते पावसाळ्यात शेतात नसतेच. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, लाल मातीचे उंच गादीवाफे करून त्यांवर रोपे लावतात. पुढे दिवस लहान होत जातात आणि रात्री गार पडतात. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की या झाडाला फुले धरू लागतात. मोठ्या दिवसांत आणि उबदार हवेत ते फुलांऐवजी जमिनीवर सरपटणारी धावती खोडे सोडते. म्हणजे दिवस किती मोठा आहे हे झाडाला कळते आणि त्याप्रमाणे ते आपला बेत बदलते. फुलापासून पिकल्या फळापर्यंत साधारण एक महिना लागतो. डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडणी चालते. शाळेची सहल नेण्यास जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

आता आपण वाफ्यात उतरू. आधी खाली वाकून नीट पाहा. काळ्या किंवा रुपेरी प्लॅस्टिकचे आच्छादन पसरलेले दिसेल. त्यातल्या भोकांतून झुडपे वर आली आहेत, आणि प्लॅस्टिकखाली ठिबक सिंचनाची नळी आहे. युरोपात पूर्वीपासून या कामासाठी वाळलेले काड पसरीत आले आहेत. हेतू दोन्हींचा एकच. फळ मातीला टेकू नये, तण माजू नये आणि ओल टिकावी. चालायचे ते दोन वाफ्यांमधल्या सरीतून. वाफ्यावर पाय पडला तर मुळांभोवतीची भुसभुशीत माती दाबली जाते. चाळीस मुलांचा वर्ग दहा मिनिटे बेफाम वागला तर शेतकऱ्याची महिनाभराची मेहनत पायदळी जाते, हे शिक्षकांनी आधीच सांगून ठेवावे.

फळ धरून ओढायचे नाही. देठ फळाच्या वर सुमारे एक सेंटिमीटरवर अंगठ्याच्या नखाने आणि तर्जनीने चिमटून खुडायचा. हिरवी पाकळीसारखी टोपी फळालाच राहू द्यायची. टोपी उपटली की तेथे उघडी जखम होते आणि रस पाझरू लागतो. आंब्याला असते तशी जाड साल या फळाला नाही. त्यात शंभरात एक्क्याण्णव भाग पाणी असते आणि भोवती कातडी म्हणाल तर पेशींचा अगदी पातळ थर. बोटाने दाबलेली जागा तेव्हा चांगली दिसते. दुसऱ्या दिवशी तेथे डाग पडतो आणि तिसऱ्या दिवशी करड्या बुरशीची लव दिसू लागते. एका फळावरची बुरशी डबीतल्या शेजाऱ्यांनाही सोडत नाही. म्हणून फळ हातात घोळवू नका, आणि टोपलीत ढीगही करू नका. दोन-तीन थरांच्या वर गेलात तर तळातली फळे चेंगरतीलच. सकाळी लवकर जाणे चांगले. गारव्यात खुडलेले फळ जास्त टिकते, कारण तोडल्यानंतरही फळाचे श्वसन चालूच असते आणि तापमान वाढेल तसे ते झपाट्याने वाढते. साठलेली साखर त्यात खर्च होत असते.

कोणते फळ खुडायचे हा पुढचा प्रश्न. नवखा माणूस आकाराला भुलतो. तुम्ही टोपीच्या खाली, फळाच्या ‘खांद्यांवर’ नजर टाका. टोक लाल, पण खांदे पांढरे, अशी पुष्कळ फळे दिसतील. त्यांना हात लावू नका. तुम्ही म्हणाल, घरी नेऊन दोन दिवस ठेवली की पिकतील! आंबे आपण अढीत घालतो, चिकू तांदळात ठेवतो, केळी घरात टांगतो. मग स्ट्रॉबेरीच का नाही?

येथे फळांच्या दोन जाती लक्षात घ्यायला हव्यात. आंबा, केळे, चिकू, टोमॅटो ही फळे पुरती वाढून तयार झाली की झाडावेगळी केली तरी पिकतात. पिकताना त्यांचे श्वसन एकदम वाढते, एथिलीन वायू मोठ्या प्रमाणात सुटतो आणि साठवून ठेवलेल्या पिठूळ पदार्थाचे, म्हणजे स्टार्चचे, साखरेत रूपांतर होते. कच्च्या केळ्याचा पिठूळपणा जाऊन ते गोड होते ते याचमुळे. द्राक्ष, डाळिंब, संत्रे आणि स्ट्रॉबेरी यांची गोष्ट निराळी. पिकत्या स्ट्रॉबेरीत स्टार्चची अशी शिल्लक नसते. पानांत तयार झालेली साखर देठावाटे येत राहते तोवरच ती गोड होत जाते. देठ खुडला की पुरवठा बंद! पांढऱ्या खांद्यांचे फळ घरी ठेवले तर लाली थोडी वाढेल, फळ मऊही पडेल. पण गोडी वाढणार नाही. डोळ्यांना पिकलेले, जिभेला कच्चे, असा तो प्रकार होतो.

शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न नेमका याच ठिकाणी येतो. पुण्या-मुंबईच्या किंवा त्याहून दूरच्या बाजारासाठी फळ पाठवायचे तर ते अर्धे-पाऊण लाल असतानाच तोडावे लागते. पूर्ण पिकू दिले तर ट्रकातच त्याचा लगदा होईल. म्हणजे सर्वांत चांगले फळ पिकवण्याची कला अंगी असूनही ते गिऱ्हाइकाच्या तोंडी पोचवणे त्याला शक्य होत नाही. गिऱ्हाईकच शेतात आले तर ही अडचण राहत नाही. शिवाय तोडणीची मजुरी, डब्या, खोकी आणि वाहतूक यांचा खर्च वाचतो. अर्थात यात धोकाही आहे. आलेला पाहुणा दहा फळे खुडतो, त्यांतली चार पांढऱ्या खांद्यांची निघाली म्हणून वाफ्यातच टाकून देतो आणि निघून जातो. ती चार फळे आठवड्याभरात उत्तम पिकली असती. टाकलेल्या फळांवर बुरशी धरते ती वेगळीच. मला विचाराल तर अशा शेतावरचा खरा पाहुणा तोच, जो खुडलेले प्रत्येक फळ टोपलीत घालतो.

एवढे खुडून झाल्यावर त्यांतले एक फळ घेऊन सावलीत बसा. आता थोडे वनस्पतिशास्त्र. स्ट्रॉबेरीच्या अंगावर तिळाएवढे पिवळसर दाणे रुतलेले दिसतात. सारे जग त्यांना बिया म्हणते, पण त्या नुसत्या बिया नव्हेत. त्यांतला प्रत्येक दाणा म्हणजे एक स्वतंत्र, सुके, एकबीजी फळ आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला कृत्स्नफळ म्हणतात. एका स्ट्रॉबेरीवर अशी सुमारे दोनशे फळे असतात. मग आपण खातो तो लाल, रसाळ भाग कोणता? फुलाचे सगळे भाग ज्या उंचवट्यावर बसलेले असतात त्याला पुष्पासन म्हणतात. ते पुष्पासनच फुगून लाल झालेले असते. म्हणून स्ट्रॉबेरीला आभासी फळ म्हणतात.

नावात ‘बेरी’ असली तरी शास्त्राच्या दृष्टीने ही बेरी नव्हेच! एका फुलाच्या किंजपुटापासून तयार झालेले, आतून मऊ आणि आठळी नसलेले फळ ते मृदुफळ, म्हणजेच बेरी. या व्याख्येत द्राक्ष बसते, टोमॅटो बसतो, वांगे बसते, एवढेच काय केळेही बसते. महाबळेश्वरच्या बाजारात कागदी पिशवीसारख्या आवरणात मिळणारी पिवळी रसभरी ही टोमॅटोची नातेवाईक आणि अस्सल बेरी. तुती बेरी नाही, कारण ती अनेक फुलांची मिळून झालेली असते. रास्पबेरी म्हणजे चिमुकल्या आठळीदार फळांचा घोस. आणि आपले करवंद? तेही अस्सल बेरी! नाव मिरवणाऱ्यांना मान मिळाला आणि खऱ्या बेऱ्या रानात राहिल्या, असेच म्हणायचे.

दाणे आणि गर यांचा संबंध काय, हे ज्याँ निच या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. प्रयोग इतका साधा आहे की तो आपल्याला का सुचला नाही असे वाटते. त्याने कोवळ्या हिरव्या फळावरचे सर्व दाणे काळजीपूर्वक काढून टाकले. फळाची वाढ तेथेच थांबली. दुसऱ्या फळावर त्याने मोजके दाणे ठेवले. तेव्हा गर फक्त त्या दाण्यांच्या आसपास फुगला आणि चित्रविचित्र आकाराची फळे तयार झाली. तिसऱ्या प्रकारात सगळे दाणे काढून त्या जागी ऑक्सिनासारखे काम करणाऱ्या रसायनाचा मलम लावला, आणि एकही दाणा नसताना फळ वाढले! ऑक्सिन हे वनस्पतींच्या वाढीचे संप्रेरक. दाण्यांतून पाझरणारे ऑक्सिन पुष्पासनाला ‘वाढ’ असा निरोप देत असते, हे यावरून सिद्ध झाले. पुढे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याचा उत्तरार्ध मिळाला. पूर्ण वाढलेल्या पण अजून हिरव्या असलेल्या फळाच्या एका बाजूचे दाणे काढले तर ती बाजू दुसरीपेक्षा लवकर लाल होते. म्हणजे हेच ऑक्सिन पिकण्याला थोपवूनही धरते. दाणे रुजण्याजोगे होण्याआधी पाखरांनी फळ खाल्ले तर झाडाचा काहीच फायदा नाही. तोवर लाल रंगाचा झेंडा फडकवायचा नाही असा हा बंदोबस्त दिसतो.

हे सारे समजल्यावर शेतातली वेडीवाकडी फळे तुम्हांला बोलकी वाटू लागतील. एका अंगाला खळगा पडलेले, माकडतोंडे फळ उचला आणि भिंगातून पाहा. फुगलेल्या भागावरचे दाणे टपोरे, तर खळग्यातले दाणे बारीक आणि दाटीवाटीने बसलेले दिसतील. त्या बारीक दाण्यांचे फलन झालेच नव्हते. म्हणून तेथे ऑक्सिन नाही आणि गरही नाही. फुलातल्या दोनशे किंजदलांपैकी प्रत्येकावर पराग पडला तरच फळ सुबक होते. वारा आणि गुरुत्वाकर्षण थोडेफार काम करतात, पण सर्वत्र पराग पोचवण्याचे काम मधमाश्यांचे. एखाद्या शेताच्या बांधावर मधपेट्या दिसल्या तर त्या केवळ मधासाठी आहेत असे समजू नका. महाबळेश्वर तालुक्यातच मांघर हे गाव आहे. २०२२ साली ते ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. स्ट्रॉबेरीच्या मुलखाला असा शेजार लाभणे हे भाग्यच. फवारणी केव्हा करावी याचा विचार शेतकऱ्याला या माश्यांकडे बघूनही करावा लागतो. फवारणीवरून आठवले: खुडलेले फळ तसेच तोंडात टाकण्याचा मोह होतो, पण शेवटची फवारणी केव्हा झाली ते आधी विचारा आणि फळ धुऊनच खा.

आता या झाडाचा जन्म कोठला ते ऐका. १७१२ साली फ्रान्सच्या राजाने फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्याला दक्षिण अमेरिकेत पाठवले. काम होते चिली आणि पेरूमधल्या स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी! किल्ले पाहता पाहता त्याच्या नजरेस तेथली टपोरी स्ट्रॉबेरी पडली. १७१४ साली परत येताना त्याने रोपे बरोबर घेतली. अनेक महिन्यांच्या प्रवासात जहाजावर गोड्या पाण्याची टंचाई, आणि त्यातूनच रोपांनाही पाणी पाजायचे. अखेर पाच रोपे जगली. पण फ्रान्समध्ये त्यांना फळेच धरेनात. कारण ती सारी मादी रोपे होती. पुढे त्यांच्याजवळ उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियाची लहान स्ट्रॉबेरी लावली गेली, तिचे पराग मिळाले आणि फळे आली. या दोन जातींच्या संकरातून आजची बागेतली स्ट्रॉबेरी निघाली. हा संकर आहे हे ओळखले ते द्युशेन या फ्रेंच तरुणाने. १७६६ साली त्याचा स्ट्रॉबेरीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याला वीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. जगाच्या दोन टोकांच्या जाती युरोपातल्या बागेत एकत्र आल्या आणि इंग्रजांच्या काळात त्यांची संतती महाबळेश्वरला पोचली. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

भिलारच्या शेतकऱ्याला रोपांची नावे विचारा. स्वीट चार्ली, कामारोसा, विंटर डॉन, नाबिला अशी नावे कानी पडतील. ही परदेशांत पैदा केलेली वाणे आहेत. लावणीसाठी बियांचा उपयोग करीत नाहीत, कारण बीपासून आलेले रोप आईसारखे निघेल याची खात्री नसते. धावत्या खोडाच्या पेऱ्यावर जे नवे रोप रुजते ते मात्र हुबेहूब आईसारखे असते. म्हणून परदेशांतून मातृरोपे आणून पावसाळ्यात रोपवाटिकेत वाढवतात आणि त्यांच्या धावत्या खोडांवरची पिल्ले तोडून शेतात लावतात. तीच रोपे वर्षानुवर्षे वापरली तर त्यांत विषाणू साठत जातात आणि उत्पन्न घटते. त्यामुळे हा खर्च पुन्हा पुन्हा करावा लागतो. एवढे करून अवकाळी पाऊस झाला तर पिकलेली फळे दोन-तीन दिवसांत कुजतात. काही वर्षी थंडी इतकी पडते की वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात. वर्तमानपत्रांत त्याची सुंदर छायाचित्रे येतात. स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरी त्या सकाळी फुले काळवंडलेली असतात.

परत निघताना शेतकऱ्याकडे अतिपिकलेली दोन-तीन फळे मागून घ्या. ती एरवी जॅमसाठी जायची किंवा फेकली जायची. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांच्यातून डीएनए वेगळे करता येते. स्ट्रॉबेरीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे आठ संच, म्हणजे एकूण ५६ गुणसूत्रे असतात. माणसाच्या पेशीत संच दोनच. म्हणून या प्रयोगाला हे फळ सोयीचे. फळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हाताने चांगली कुस्करा. अर्धा पेला पाण्यात चमचाभर भांडी धुण्याचा द्रव साबण आणि चिमूटभर मीठ विरघळवून ते पाणी पिशवीत ओता, आणि फेस न करता कालवा. साबणामुळे पेशींची पटले फुटतात. आता फडक्यातून गाळून घ्या. गाळलेला लाल रस परीक्षानळीत एक तृतीयांश भरा आणि बर्फात ठेवून गार केलेले तेवढेच स्पिरिट नळीच्या कडेने अगदी हळू सोडा. स्पिरिट ज्वलनशील असते. जवळपास बर्नर नको आणि शिक्षक समोर हवेत. दोन-तीन मिनिटांत लाल थराच्या वर पांढरट, शेवाळासारखे धागे तरंगताना दिसतील. काचेच्या कांडीवर ते गुंडाळून वर उचलता येतात. त्यांत डीएनएबरोबर थोडी प्रथिनेही चिकटलेली असतात, त्यामुळे ते अगदी शुद्ध नसते. प्रयोगाला घेतलेली फळे मात्र खायची नाहीत, बरे का! खाण्यासाठी टोपली वेगळी ठेवा.